हूनेट, बॅकलिंक आणि आर: सेन्सिटिव्हिटीच्या नोंदींतून भरवशाचा अँटिबायोग्राम कसा काढावा

कल्चर-सेन्सिटिव्हिटी (नमुन्यातला जंतू वाढवून त्यावर कोणतं प्रतिजैविक चालतं ते पाहण्याची तपासणी) नियमित करणाऱ्या प्रत्येक मायक्रोबायोलॉजी प्रयोगशाळेत आपल्या भागातल्या जंतूंची माहिती साठलेली असते. कुठे रजिस्टरमध्ये, कुठे एलआयएसमध्ये (प्रयोगशाळेच्या माहिती-सॉफ्टवेअरमध्ये), कुठे एक्सेलमध्ये. वॉर्डातल्या डॉक्टरला त्यातून एवढंच हवं असतं: रिपोर्ट यायला दोन दिवस लागणार असतील, तर आज रात्री कोणतं प्रतिजैविक सुरू करावं? त्याला आधार देणारा तक्ता म्हणजे अँटिबायोग्राम. कोणत्या जंतूचे किती टक्के नमुने कोणत्या औषधाला सेन्सिटिव्ह आहेत, हे तो सांगतो.

तक्ता काढायला सॉफ्टवेअरला फार तर दोन-चार मिनिटं लागतात. पण एकाच वर्षाच्या नोंदींवरून दोन माणसं दोन वेगळे टक्के काढू शकतात आणि दोघांच्याही सॉफ्टवेअरने काहीच चूक केलेली नसते. नोंदी कशा ठेवल्या, एका रुग्णाचे नमुने किती वेळा मोजले, कोणत्या सालचे ब्रेकपॉइंट (सेन्सिटिव्ह की रेझिस्टंट हे ठरवणाऱ्या सीमारेषा) लावले, यावर सगळं ठरतं. म्हणून या लेखात बटणांपेक्षा या निर्णयांना जास्त जागा दिली आहे.

कोणतं साधन कशासाठी

हूनेट हे जागतिक आरोग्य संघटनेच्या बोस्टन इथल्या सहयोगी केंद्राने बनवलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधून चालतं. १९८९ पासून ते विकसित होत आलं आहे आणि शंभराहून अधिक देशांत वापरलं जातं. विंडोजवर चालतं, इंटरनेट लागत नाही, जुन्या संगणकावरही निभावतं. भारतात राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या नार्स-नेट या प्रतिरोध-पाहणी जाळ्यातल्या प्रयोगशाळा हेच वापरतात, त्यामुळे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात काम करणाऱ्याने ते शिकलेलं बरं. बॅकलिंक हा त्याच्याबरोबर येणारा जोडीदार आहे. एक्सेल, एलआयएस किंवा ऑटोमेटेड मशीनमधली माहिती हूनेटच्या साच्यात आणणं हे त्याचं काम.

आर ही संख्याशास्त्राची मोफत भाषा आहे. तिच्यासाठी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या लोकांनी एएमआर नावाचं पॅकेज लिहिलं आहे. अनेक वर्षांची तुलना, आलेख, औषधांच्या जोड्यांचा विचार यासाठी ते उत्तम. मात्र कोड लिहायची तयारी हवी.

तिसरं साधन ॲमास. बँकॉकच्या माहिडोल-ऑक्सफर्ड संशोधन केंद्राने ते बनवलं आहे. ठरलेल्या साच्यात दोन फाइली ठेवल्या की तयार पीडीएफ अहवाल देतं.

पहिल्यांदाच काम करत असाल तर हूनेटने सुरुवात करा. त्यात एक वर्ष नीट काढलंत की मग आरकडे वळा. तेव्हा दोन्हींचे आकडे जुळवून पाहता येतात, आणि चूक पकडण्याचा तो सगळ्यांत चांगला मार्ग आहे.

नोंदीत काय हवंच

प्रत्येक आयसोलेटमागे (नमुन्यातून वाढवलेल्या एकेका जंतूमागे) निदान एवढं हवं: रुग्णाचा कायम क्रमांक, वय, लिंग, वॉर्ड, ओपीडी-आयपीडी-आयसीयू यांपैकी काय, भरतीची तारीख, नमुना घेतल्याची तारीख, नमुन्याचा प्रकार, जंतूचं पूर्ण नाव, आणि प्रत्येक औषधाचा निकाल.

हा निकाल आकड्यातच ठेवा. डिस्क (औषधाची चकती) असेल तर झोनचे, म्हणजे तिच्याभोवती जंतू न वाढलेल्या वर्तुळाच्या व्यासाचे, मिलिमीटर; मशीन असेल तर एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण). नुसतं एस (सेन्सिटिव्ह), आय (इंटरमीजिएट), आर (रेझिस्टंट) लिहून ठेवलेली नोंद त्या वर्षीच्या ब्रेकपॉइंटला कायमची बांधली जाते. अमिकासिनचं उदाहरण घ्या. सीएलएसआय या अमेरिकी मानक-संस्थेच्या जुन्या निकषांप्रमाणे एंटेरोबॅक्टेरेल्ससाठी (ई. कोलाय, क्लेब्सिएला यांच्या गटासाठी) १७ मिमी आणि त्यावरचा झोन सेन्सिटिव्ह होता. २०२३ च्या आवृत्तीत ही रेषा २० मिमीवर गेली आणि १७ ते १९ मिमी इंटरमीजिएट झाले. एमआयसीत हीच रेषा १६ वरून ४ वर आली. आता तुमच्याकडे २०२१ ते २०२४ च्या नुसत्या एस-आर नोंदी असतील, तर आलेखात २०२३ साली अमिकासिनची सेन्सिटिव्हिटी एकदम घसरलेली दिसेल. जंतू तेच, झोन तेच, तरीही घसरण. मिलिमीटर लिहिलेले असतील तर चारही वर्षांना एकच निकष लावून खरी चाल पाहता येते. असे बदल वरचेवर होतात: सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये २०१९ साली, कोलिस्टिनमध्ये २०२० साली, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टममध्ये २०२२ साली. रजिस्टरमध्ये मिलिमीटरचा रकाना नसेल तर उद्याच आखून घ्या. पूर्ण लेखातली एकच गोष्ट करायची झाली तर ही करा.

झोन दिसलाच नाही तर ६ लिहायचं, शून्य नव्हे. डिस्कचा व्यासच ६ मिमी असतो. ६ पेक्षा लहान आकडा दिसला की ती टंकनाची चूक समजा.

रुग्ण क्रमांकाचा घोळ आपल्याकडे विशेष आहे. अनेक रुग्णालयांत दर भेटीला नवा केसपेपर निघतो आणि त्यावर नवा नंबर पडतो. एकच बाई जानेवारीत ओपीडीत, मार्चमध्ये वॉर्डात आणि तिथून आयसीयूत गेली, तर सॉफ्टवेअरच्या लेखी त्या तीन बायका होतात. कायम क्रमांक नसेल तर निदान आयपीडीच्या रुग्णांसाठी भरती क्रमांक वापरा. विश्लेषणाआधी यादी नाव, लिंग आणि वयानुसार लावून शेजारशेजारच्या ओळी डोळ्यांखालून घाला. कंटाळवाणं काम आहे, पण पुढची सगळी गणितं यावर उभी आहेत.

आणखी एक. ‘नो ग्रोथ’ आलेली कल्चरही नोंदवा. हूनेटमध्ये त्यासाठी वेगळा कोड आहे. टक्केवारीसाठी ती लागत नाहीत, पण किती रक्तकल्चर तपासली त्यातली किती वाढली, हे त्याशिवाय कळत नाही.

एक्सेल नोंदी कशा बिघडवतं

एलआयएसमधून काढलेली फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडणं हा सगळ्यांत मोठा धोका आहे. एक्सेल न विचारता आकडे बदलतं.

जोडऔषधांची एमआयसी तिरकी रेघ देऊन लिहिलेली असते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची ८/४ ही एमआयसी भारतीय सेटिंगच्या संगणकावर ८ एप्रिल होते. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमची ८/४ सुद्धा ८ एप्रिल, १६/४ ही १६ एप्रिल. को-ट्रायमोक्साझोलची २/३८ ही फेब्रुवारी १९३८ होते. एकदा असं होऊन फाइल सेव्ह झाली की मूळ आकडा गेला.

रुग्ण क्रमांकातले पुढचे शून्य गळतात, ००४५१२ चं ४५१२ होतं. पंधरापेक्षा जास्त अंकी क्रमांक असेल तर शेवटचे अंक शून्य होतात, आणि मग दोन वेगळे रुग्ण एकच होऊन बसतात.

तारखांचं दुखणं आणखी छुपं आहे. फाइलमध्ये महिना आधी आणि संगणकावर दिवस आधी असेल, तर ५ मार्चची ३ मे होते आणि २५ मार्च तशीच मजकूर म्हणून राहते. निम्म्या तारखा बदलतात, निम्म्या नाहीत, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. खूण अशी: तारखेचा रकाना चाळणी लावून पाहा. काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर गडबड आहे.

उपाय सोपा आहे. एक्सेल रिकामं उघडा, डेटा मेनूतून मजकूर फाइल आयात करा, आणि आयात करताना रुग्ण क्रमांक, तारखा व सगळे औषधांचे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून निवडा. एलआयएसमधून आलेली मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ‘फक्त वाचण्यासाठी’ करून ठेवा आणि तिला हात लावू नका. सगळी साफसफाई प्रतीवर.

हूनेटची मांडणी

अधिकृत संकेतस्थळावरून हूनेट उतरवून बसवा. पहिल्यांदा उघडल्यावर ‘न्यू लॅबोरेटरी’ निवडून देश, प्रयोगशाळेचं नाव आणि छोटा कोड द्यायचा. हा कोड पुढे फाइलींच्या नावात येतो, तेव्हा एकदा ठरवला की बदलू नका.

मग औषधांची यादी. इथे प्रत्येक औषध तीन गोष्टींसह निवडावं लागतं: निकष कोणाचे, पद्धत डिस्क की एमआयसी की ई-टेस्ट (पट्टीने एमआयसी काढण्याची पद्धत), आणि डिस्क असेल तर तिची ताकद. हूनेट प्रत्येक जोडीचा वेगळा रकाना बनवतं. जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅमची डिस्क हा एक रकाना, जेंटामायसिन एमआयसी हा दुसरा. तुमच्याकडे डिस्क आणि मशीन दोन्ही चालत असतील तर दोन्ही निवडा. एमआयसीचा २ हा आकडा चुकून डिस्कच्या रकान्यात पडला, तर तो २ मिमी समजला जातो आणि रेझिस्टंट ठरतो. कोलिस्टिनसाठी डिस्कचा रकाना बनवूच नका, कारण त्याची डिस्क पद्धत ग्राह्य नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियससाठी व्हॅन्कोमायसिनचंही तसंच, तिथे एमआयसीच लागते.

वॉर्डांची यादी करताना प्रत्येक वॉर्डाला प्रकार द्या: ओपीडी, आंतररुग्ण, आयसीयू. ‘वॉर्ड १२’, ‘वॉ. १२’, ‘मेडिसिन १२’ अशा तीन नावांनी एकच वॉर्ड येऊ देऊ नका.

मांडणी झाल्यावर ब्रेकपॉइंटची खिडकी उघडून कोणत्या सालचे निकष भरलेले आहेत ते पाहा. नवी आवृत्ती बसवली म्हणून तुमच्या जुन्या प्रयोगशाळा-फाइलमधले निकष नवे झाले असं धरून चालू नका. एका ओळखीच्या आकड्याने तपासा: ई. कोलायच्या नावावर अमिकासिनचा १८ मिमी झोन भरून पाहा. इंटरमीजिएट दाखवलं तर २०२३ किंवा त्यानंतरचे निकष आहेत, सेन्सिटिव्ह दाखवलं तर जुने.

बॅकलिंकमधून आयात

ज्यांच्या नोंदी आधीच संगणकावर आहेत त्यांनी हूनेटमध्ये पुन्हा टंकत बसू नये. बॅकलिंकमध्ये ‘न्यू फॉरमॅट’ करून फाइलचा प्रकार सांगायचा, पहिल्या ओळीत रकान्यांची नावं आहेत का ते सांगायचं आणि तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा स्पष्ट निवडायचा.

नंतरचा प्रश्न निर्णायक आहे: एका आयसोलेटची सगळी औषधं एकाच ओळीत आहेत की प्रत्येक औषधाला वेगळी ओळ आहे? अनेक एलआयएस दुसऱ्या प्रकारे फाइल देतात. इथे चुकीचं उत्तर दिलंत तर एक आयसोलेट पंधरा आयसोलेट बनून येतो.

मग तुमचा प्रत्येक रकाना हूनेटच्या रकान्याशी जोडायचा आणि रूपांतर सुरू करायचं. शेवटी बॅकलिंक न ओळखलेल्या शब्दांची यादी देतं. ‘क्लेब्सिएला न्यूमो’, ‘के. न्यूमोनिए’, ‘क्लेबसेला’ हे तिन्ही एकाच जंतूशी जोडायचं काम इथे करायचं. पहिल्या वेळी अर्धा दिवस जातो. पण हे कोड जपून ठेवले जातात, पुढच्या महिन्यात फक्त नवे शब्द विचारले जातात. यादी न पाहता पुढे गेलात तर न ओळखलेले जंतू विश्लेषणातून गुपचूप गळतात.

संपूर्ण वर्षाची फाइल चढवण्याआधी वीस-पंचवीस ओळींची चाचणी फाइल करा. तीत रक्त, लघवी, पू, आयसीयू, ओपीडी असं सगळं थोडंथोडं घ्या. रूपांतर झाल्यावर मूळ कागदी रिपोर्ट शेजारी ठेवून एकेक आकडा जुळवा. मग पूर्ण फाइल चढवा आणि आयसोलेटची एकूण संख्या मूळ फाइलशी ताडून घ्या.

टक्के काढण्याआधी नोंदी तपासणं

हूनेटमध्ये ‘डेटा ॲनालिसिस’ मध्ये जाऊन आधी यादी काढा. ताडून पाहायचं ते असं.

जे निकाल नैसर्गिकरीत्या शक्यच नाहीत ते शोधा. क्लेब्सिएला न्यूमोनिए अँपिसिलिनला सेन्सिटिव्ह, प्रोटियस किंवा सेरेशिया कोलिस्टिनला सेन्सिटिव्ह, प्रोटियस मिराबिलिस नायट्रोफ्युरँटॉइनला सेन्सिटिव्ह, स्टेनोट्रोफोमोनास मेरोपेनेमला सेन्सिटिव्ह. या जंतूंमध्ये त्या औषधांना उपजत प्रतिरोध असतो. असा निकाल आला तर बहुतेक वेळा जंतूची ओळख चुकलेली असते, कधी कल्चर मिश्र असतं, कधी नुसती ओळ सरकलेली असते. ती नोंद खोडून टाकण्याआधी बाकीची औषधं पाहा, त्यावरून कोणती चूक ते बहुधा उमगतं.

दुर्मीळ निकाल वेगळे काढा. व्हॅन्कोमायसिनला रेझिस्टंट स्टॅफिलोकोकस ऑरियस दिसला, तर तो पुन्हा ओळख पटवून, एमआयसी करून, संदर्भ प्रयोगशाळेकडून पक्का झाल्याशिवाय तक्त्यात घेऊ नका.

ओळख किती नेमकी आहे हे ब्रेकपॉइंटसाठीही महत्त्वाचं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या ५ मायक्रोग्रॅम डिस्कभोवती २८ मिमी झोन आला असेल, तर ई. कोलाय सेन्सिटिव्ह ठरतो, कारण तिथे रेषा २६ मिमी आहे. तोच २८ मिमी साल्मोनेला टायफीला इंटरमीजिएट ठरतो, कारण तिथे सेन्सिटिव्ह म्हणायला ३१ मिमी लागतात. नुसतं ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय’ असं लिहिलेल्या नोंदीला तर कोणताच निकष लागत नाही.

झोनचा वितरण-आलेख जरूर काढा. हूनेट प्रत्येक औषधासाठी मिलिमीटरप्रमाणे किती आयसोलेट आहेत ते दाखवतं. पट्टीने किंवा कॅलिपरने नीट मोजलेले झोन असतील तर आलेख बऱ्यापैकी सलग चढतो-उतरतो. १५, २०, २५, ३० वर उंच खांब आणि मधले आकडे ओस, असं दिसलं तर कोणीतरी नजरेने अंदाज करून लिहितं आहे. ब्रेकपॉइंटच्या लगेच वर एकच उंच खांब असेल, तर आधी ‘सेन्सिटिव्ह’ ठरवून मग आकडा लिहिला जातो आहे. ही गोष्ट टेक्निशियनशी शांतपणे बोलून सुटते. बहुतेकदा त्यांच्यावर प्लेटांचा भार इतका असतो की मोजायला वेळच उरत नाही, आणि तो भार कमी करणं हे विभागप्रमुखाचं काम आहे.

सगळ्याच जंतूंचे झोन एखाद्या महिन्यात मोठे किंवा लहान झालेले दिसले, तर त्या महिन्याचं क्यूसी (गुणवत्ता-तपासणीच्या नोंदी) काढा. एटीसीसी २५९२२ या प्रमाणित ई. कोलायसाठी जेंटामायसिनचा झोन १९ ते २६ मिमी आणि सेफ्ट्रिअॅक्झोनचा २९ ते ३५ मिमी यायला हवा. आगर ४ मिमीपेक्षा पातळ ओतलं तर झोन फुगतात, इनॉक्युलम (प्लेटवर पसरायचं जंतूंचं द्रावण) दाट झालं तर आक्रसतात, डिस्कची डबी फ्रीजबाहेर राहिली तर बीटा-लॅक्टम औषधांचे झोन आधी कमी होऊ लागतात. क्यूसीच्या नोंदी हूनेटमध्ये जरूर भरा, पण नमुन्याचा प्रकार क्यूसी असाच द्या, म्हणजे त्या रुग्णांच्या टक्केवारीत मिसळणार नाहीत.

टक्के काढणं

अँटिबायोग्रामचे नियम सीएलएसआयच्या एम३९ या दस्तऐवजात आहेत. त्याची पाचवी आवृत्ती २०२२ सालची. त्यातला गाभा हा: वर्षातून निदान एकदा तक्ता काढा, फक्त अंतिम झालेले निदानासाठीचे नमुने घ्या, एका रुग्णाचा त्या जंतूचा त्या काळातला पहिलाच आयसोलेट मोजा, आणि ३० पेक्षा कमी आयसोलेट असलेला जंतू तक्त्यात घालू नका.

पहिलाच आयसोलेट का, ते एका काल्पनिक हिशेबावरून पाहा. समजा वर्षभरात ६० रुग्णांत क्लेब्सिएला सापडला. त्यांपैकी ५० जणांचा एकेकच आयसोलेट आला, त्यातले ३० मेरोपेनेमला सेन्सिटिव्ह. उरलेले १० जण आयसीयूत महिनाभर होते, प्रत्येकाचे पाच-पाच आयसोलेट आले, सगळे रेझिस्टंट. सगळे आयसोलेट मोजले तर १०० पैकी ३०, म्हणजे ३० टक्के सेन्सिटिव्ह. प्रत्येक रुग्ण एकदाच मोजला तर ६० पैकी ३०, म्हणजे ५० टक्के. पहिल्या आकड्यावर विसंबून डॉक्टर सगळ्यांनाच कोलिस्टिन सुरू करतील.

हूनेटमधली पावलं अशी:

१. ‘ॲनालिसिस टाइप’ मध्ये ‘टक्के आरआयएस अँड टेस्ट मेझरमेंट्स’ निवडा.
२. ‘ऑर्गनिझम्स’ मध्ये हवे ते जंतू घ्या.
३. ‘डेटा फाइल्स’ मध्ये वर्षाच्या सगळ्या फाइली निवडा. एखादा महिना राहून जाणं ही नेहमीची चूक आहे.
४. ‘वन पर पेशंट’ मध्ये ‘बाय पेशंट’ आणि त्यात ‘फर्स्ट आयसोलेट ओन्ली’ निवडा. मूळ सेटिंग आयसोलेटप्रमाणे मोजण्याचं असू शकतं, म्हणून दर वेळी पाहा.
५. ‘आयसोलेट्स’ मधून क्यूसी आणि स्क्रीनिंगचे नमुने वगळा. नाकातला एमआरएसए स्वॉब किंवा गुदद्वाराचा स्वॉब हे स्क्रीनिंग.
६. ‘बिगिन ॲनालिसिस’. आलेला तक्ता एक्सेलमध्ये पाठवा आणि ही सगळी निवड मॅक्रो म्हणून सेव्ह करा, म्हणजे पुढल्या वर्षी तंतोतंत तीच निवड लागेल.

तक्त्यात प्रत्येक औषधापुढे किती आयसोलेट तपासले तो आकडा असतो. तो आधी वाचा, टक्का नंतर. ई. कोलायचे ४०० आयसोलेट आहेत, जेंटामायसिन ३९८ वर केलं आहे आणि टायगेसायक्लिन ३५ वर, तर ते ३५ कोणते? बहुतेक वेळा कार्बापेनेमला (मेरोपेनेमच्या गटाला) रेझिस्टंट निघालेलेच पुढच्या औषधांना लावलेले असतात. निवडक आयसोलेटवरचा टक्का सगळ्यांवरच्या टक्क्याशेजारी ठेवता येत नाही. एलआयएसने रिपोर्टात दडवलेली औषधं निर्यातीतूनही वगळली असतील तरी हाच घोटाळा होतो. एलआयएसच्या माणसाला सांगून तपासलेले सगळे निकाल मागवा.

३० ही किमान संख्या आहे, पुरेशी नव्हे. ३० पैकी १५ सेन्सिटिव्ह असतील तर ५० टक्क्यांभोवतीची ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ३३ ते ६७ अशी पसरते. ३०० पैकी १५० असतील तर ४४ ते ५६. छोट्या रुग्णालयाने दोन वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या तरी चालतात, फक्त तक्त्यावर तसं लिहा.

तक्ता ओपीडी, वॉर्ड आणि आयसीयू असा वेगळा काढा, आणि लघवीचे नमुने बाकीच्यांपासून वेगळे ठेवा. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन फक्त लघवीच्या तक्त्यात. रक्तातले कोअॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकाय बरेचदा त्वचेवरून आलेले असतात, त्यांना बाकी रक्तसंसर्गात मिसळू नका. एस आणि आय यांची बेरीज करून ‘सेन्सिटिव्ह’ म्हणू नका. सीएलएसआयच्या तक्त्यात फक्त एस. युकास्ट या युरोपीय समितीने २०१९ पासून आयचा अर्थ ‘वाढीव डोसला सेन्सिटिव्ह’ असा केला आहे, त्यामुळे त्यांचे निकष वापरणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो.

आर आणि एएमआर पॅकेज

हूनेटची फाइल किंवा साफ केलेली एक्सेल फाइल आरमध्ये वाचून घ्या. पॅकेजमधल्या कामांचा क्रम ठरलेला आहे. ‘ॲज एमओ’ जंतूंची नावं ओळखून प्रमाण नावात बदलतं. ते अनिश्चित वाटलेली नावं वेगळी दाखवतं, ती यादी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘ॲज डिस्क’ आणि ‘ॲज एमआयसी’ हे आकड्यांचा प्रकार ठरवतात. ‘ॲज एसआयआर’ ब्रेकपॉइंट लावतं. ‘फर्स्ट आयसोलेट’ एकाच रुग्णाची पुनरावृत्ती काढून टाकतं. शेवटी ‘अँटिबायोग्राम’ तक्ता बनवतं.

इथे तीन ठिकाणी भारतीय प्रयोगशाळा हमखास अडखळते.

पहिलं, ‘ॲज एसआयआर’ काही न सांगितल्यास युकास्टचे निकष लावतं. आपल्याकडे बहुतेक जण सीएलएसआयप्रमाणे डिस्क लावतात. म्हणून निकषाचं नाव आणि साल दोन्ही स्पष्ट लिहा.

दुसरं, ‘फर्स्ट आयसोलेट’ ची मूळ पद्धत निव्वळ रुग्णावर आधारित नाही. त्याच रुग्णाच्या पुढच्या आयसोलेटचा प्रतिरोधाचा नमुना महत्त्वाच्या औषधांत बदलला असेल, तर ते त्यालाही पुन्हा मोजतं. ही पद्धत चुकीची नाही, पण हूनेटच्या आकड्यापेक्षा एकूण जास्त येतो. दोन्ही जुळवायचे असतील तर पद्धत म्हणून रुग्ण-आधारित असं सांगा.

तिसरं, ‘ससेप्टिबिलिटी’ हे काम एस आणि आय दोन्ही धरून प्रमाण काढतं. सीएलएसआयवाल्यांनी त्याऐवजी ‘प्रपोर्शन एस’ वापरावं.

एवढं सांभाळलं की आरचा खरा फायदा मिळतो. जोडऔषधांचा तक्ता घ्या: सेप्सिसच्या रुग्णाला पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम एकटं दिलं तर किती टक्के जंतू झाकले जातील, आणि त्यात अमिकासिन जोडलं तर किती? दोन्ही औषधांचे टक्के शेजारी ठेवून हे कळत नाही, कारण बरेच आयसोलेट दोन्हींना एकदमच रेझिस्टंट असतात. प्रत्येक आयसोलेट तपासूनच ते मोजावं लागतं, आणि ‘अँटिबायोग्राम’ ला औषधांची जोडी दिली की ते तसंच मोजतं.

ॲमास, आणि नोंदी बाहेर पाठवताना

ॲमासला सूक्ष्मजीव तपासणीची फाइल आणि रुग्णभरतीची फाइल अशा दोन फाइली लागतात, आणि तुमच्या रकान्यांची नावं त्याला समजावणाऱ्या शब्दकोश-फाइली एकदा भराव्या लागतात. त्याचा मोठा उपयोग म्हणजे भरतीची तारीख आणि नमुन्याची तारीख ताडून ते संसर्ग बाहेरून आलेला की रुग्णालयात लागलेला हे वेगळं करतं. पहिल्या दोन दिवसांत घेतलेला नमुना बाहेरचा, त्यानंतरचा रुग्णालयातला. भरतीची फाइल नसेल तर हा भाग येत नाही, उरलेला अहवाल येतो. रक्ताच्या कल्चरवर त्याचा मुख्य भर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्लास या प्रतिरोध-पाहणी प्रणालीसाठीचा अहवाल हूनेटमधूनच निघतो. तिथे रुग्ण, जंतू आणि नमुन्याचा प्रकार या तिन्हींवरून पहिला आयसोलेट ठरतो, म्हणजे एकाच रुग्णाचा रक्तातला आणि लघवीतला ई. कोलाय दोन्ही मोजले जातात. एम३९ प्रमाणे त्यातला एकच मोजला जातो. म्हणून या दोन अहवालांची बेरीज कधीच जुळणार नाही आणि जुळवायचा प्रयत्नही करू नका.

फाइल संस्थेबाहेर जाण्याआधी नाव, पत्ता, फोन काढून टाका आणि रुग्ण क्रमांकाऐवजी सांकेतिक क्रमांक द्या. सांकेतिक आणि मूळ क्रमांकांची जोडयादी प्रयोगशाळेतच, वेगळ्या संगणकावर ठेवा. क्रमांक पूर्णच काढून टाकलात तर पलीकडच्यांना पुनरावृत्ती काढता येत नाही.

छापील अँटिबायोग्रामच्या तळाशी पाच गोष्टी लिहा: कोणता कालावधी, कोणाचे व कोणत्या सालचे ब्रेकपॉइंट, पुनरावृत्ती कशी काढली, कोणते नमुने वगळले, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती. त्याच वर्षाच्या फोल्डरमध्ये मूळ एलआयएस फाइल, हूनेटची डेटा फाइल, प्रयोगशाळेची मांडणी-फाइल, बॅकलिंकचा फॉरमॅट व कोड, मॅक्रो आणि आरचा कोड एकत्र ठेवा, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या इमारतीतल्या संगणकावर. मांडणी-फाइल आणि कोडची यादी हमखास विसरली जाते. संगणक बिघडला तर डेटा परत मिळतो, पण वर्षभर जोडलेले शेकडो शब्द पुन्हा पहिल्यापासून जोडावे लागतात.